संमतीपत्र

कागद वीतभरच होता. शाळेच्या नावाखाली चार-पाच ओळींचा मजकूर, विद्यार्थ्याचे नाव आणि इयत्ता लिहिण्यासाठी ठिपक्यांच्या रेषा आणि अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यात, ‘पालकाची सही’ असे दोन शब्द. आपल्या पाल्यास शाळेत पाठवण्यास आपली संमती आहे, एवढाच त्या मजकुराचा आशय होता. नोव्हेंबर २०२० मध्ये कृष्णाकाठच्या एका गावातील एका घराच्या देवळीत तो कागद तीन दिवस घडी घालून पडला होता. रात्रीची जेवणे उरकली, भांडीकुंडी आवरली, की घरातली आई तो काढी, दिव्याखाली नेऊन वाची आणि सही न करताच पुन्हा देवळीत ठेवी.

वाचण्याची तिला अडचण नव्हती. ती सातवीपर्यंत शिकली होती. अडचण होती ती निर्णयाची. मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर आणि सहलीच्या परवानगीपत्रांवर आजवर सह्या झाल्या, त्या त्यांच्या वडिलांच्या. या वेळी मात्र वडिलांनी कागद तिच्यापुढे सरकवला आणि ते म्हणाले, “पोरं दिवसभर तुझ्या नजरेसमोर असतात. तूच ठरव.” ते रोज पहाटे भाजीपाला भरलेला टेम्पो घेऊन बाजार समितीत जात. त्यांच्या या बोलण्यात बायकोवरचा विश्वास किती होता आणि जबाबदारीचे ओझे उतरवण्याची इच्छा किती होती, हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते. त्या दिवसांत भल्याभल्यांना आपला निर्णय दुसऱ्याने घ्यावा असेच वाटत होते.

शाळा बंद होऊन तेव्हा आठ महिने लोटले होते. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाचा प्रादुर्भाव ही जागतिक महासाथ असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्याच्या मध्यास महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून सारा देश टाळेबंदीत गेला. दहावीच्या परीक्षेतील भूगोलाचा पेपर तेवढा उरला होता. तो आधी पुढे ढकलला गेला आणि अखेरीस रद्द झाला. मुलांना प्रारंभी हे सारे सुट्टीसारखे वाटले. चैत्र गेला, वैशाख गेला, मृगाचा पाऊस पडला, तरी शाळेची घंटा वाजेना, तेव्हा मात्र ही सुट्टी नव्हे हे मुलांच्याही ध्यानात आले. जगभरातील दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी त्या काळात घरी बसले होते. एवढा मोठा आकडा मनात मावत नाही. त्या घरापुरता तो आकडा दोनच होता : नववीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा.

‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे त्या वर्षी महाराष्ट्रात म्हटले जात होते, आणि ते शब्द खरे ठरावेत म्हणून अनेकांनी मनापासून कष्ट घेतले. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका मुलांसाठी सुरू झाली. सोलापुरातील नीलमनगर या कामगारवस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले; मुले गल्लीतून चालता चालता वाचू लागली. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून गोष्टी आणि कविता ऐकवल्या गेल्या. या प्रयत्नांचे मोल थोडे नाही.

परंतु कृष्णाकाठच्या त्या घरात मोबाइल एकच होता आणि तो वडिलांबरोबर पहाटेच बाजारात जाई. तो परत येईपर्यंत सकाळचा वर्ग संपलेला असे. मुलगी मग मैत्रिणीच्या घरी जाऊन तिच्या वहीतून उतरवून घेई. त्या मैत्रिणीची आणि तिची पाचवीपासूनची जागा एकाच बाकावर होती. धाकट्याच्या वाट्याला मोबाइल आला, तर त्यात धडा कमी आणि खेळ जास्त असे. त्याची पाटी देवघराच्या फळीवर धूळ खात पडली. एके दिवशी आईने त्याला पिशवीवरचे नाव वाचायला सांगितले, तेव्हा तो जोडाक्षरापाशी अडला, आईकडे पाहून हसला आणि पळून गेला. ते हसू तिला रात्रभर टोचत राहिले.

आणि आता शासनाने २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास परवानगी दिली होती. शाळा उघडायची की नाही, याचा अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनाकडे होता आणि मुलाला पाठवायचे की नाही, याचा निर्णय पालकांकडे. उपस्थितीची सक्ती नव्हती. म्हणजेच एवढ्या मोठ्या साथीचा एक लहानसा तुकडा तोडून तो प्रत्येक घराच्या उंबरठ्यावर ठेवण्यात आला होता.

आईच्या मनात भीती होती आणि ती निराधार नव्हती. सप्टेंबर महिन्यात कित्येक दिवशी देशात नव्वद हजारांहून अधिक नवे रुग्ण सापडत होते. लस अजून आली नव्हती. घरात सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेहाचा विकार असलेल्या सासूबाई होत्या. मुलांना हा आजार बहुधा सौम्य होतो, असे डॉक्टर सांगत. पण मूल तो घरी घेऊन आले तर म्हाताऱ्या माणसाचे काय, या प्रश्नाला त्या वेळी समाधानकारक उत्तर कोणापाशीच नव्हते. मुलगी मास्क नीट घालील का? मैत्रिणीच्या डब्यातला घास घेईल का? नळावर गर्दी झाली तर? वर्गात कोणी शिंकले तर? रात्री डोळा लागेपर्यंत असे प्रश्न एकामागून एक येत.

या भीतीच्या शेजारीच आणखी एक भीती येऊन बसली होती. तिचे आकडे कोणी रोज सांगत नव्हते. मुलगी आठ महिने घरी होती. आधी ती आईला मदत म्हणून शेतात येऊ लागली. मग तिच्या नावाने कामे ठरू लागली. पहाटेचे पाणी, गोठा, धाकट्याचे खाणेपिणे, दुपारची खुरपणी. तिचा हात खुरप्याला सरावला. भावकीतल्या एका बाईने सहज विषय काढला, “पोरगी उफाड्याची झाली. सध्या पन्नास माणसांत लग्न उरकतं. खर्च नाही, मानपान नाही. एक चांगलं स्थळ आहे.” आईने तो विषय हसण्यावारी नेला, पण कोणी तो काढू शकते, याचाच तिला धक्का बसला. मुलगी शाळेत जात असती, तर हे बोलायला त्या बाईची जीभ रेटली नसती.

मराठीत ‘शाळा सुटली’ हे दोनच शब्द आहेत; पण त्यांचे अर्थ दोन आहेत. संध्याकाळी घंटा वाजते, मुले दप्तरे सावरीत धावत सुटतात, तीही शाळा सुटते. आणि वडिलांचे कर्ज, आईचे आजारपण, धाकट्या भावंडांचा सांभाळ अशा एखाद्या कारणाने मूल एका सकाळी घरी राहते आणि पुन्हा कधीच जात नाही, तेव्हाही त्याची शाळा सुटलीच असे म्हणतात. पहिल्या शाळा सुटण्याला घंटा असते. दुसऱ्या सुटण्याला कसलाही आवाज नसतो. या आईची शाळा सातवीनंतर अशीच सुटली होती. ‘यंदा घरी राहा, पुढच्या वर्षी बघू’ असे तिला सांगितले गेले होते. ते पुढचे वर्ष आले नाही. त्यामुळे ‘थोडे दिवस थांबू, साथ ओसरली की पाहू’ हे वाक्य तिच्या कानांना इतरांपेक्षा वेगळे ऐकू येत होते.

शाळेने पालकांची सभा बोलावली. सभा वर्गात न घेता पटांगणात, चिंचेच्या झाडाखाली घेतली. चुन्याने आखलेल्या वर्तुळांत माणसे अंतर राखून बसली होती. ज्या पटांगणात आजवर स्वातंत्र्यदिन आणि स्नेहसंमेलने झाली, तेथे माणसे तोंडे बांधून मुकाट बसलेली पाहून प्रत्येकालाच अवघडल्यासारखे झाले. मुख्याध्यापकांनी व्यवस्था सांगितली. एका बाकावर एकच विद्यार्थी. निम्मी मुले एका दिवशी, निम्मी दुसऱ्या दिवशी. तीन-चार तासांचीच शाळा. फाटकापाशी ताप मोजायचा. सर्व शिक्षकांची तपासणी आधी करून घ्यायची.

मुलीच्या मैत्रिणीचे वडील उभे राहिले. ते शांत, पापभीरू गृहस्थ. त्यांचे थोरले बंधू भाद्रपदात याच आजाराने गेले होते आणि त्यांना अखेरचे पाहताही आले नव्हते. ते म्हणाले, “गुरुजी, शिर सलामत तर पगडी पचास. पोरगी जगली तर शिकेल. मी सही करणार नाही.” सभेत अनेकांनी माना डोलावल्या. मागच्या वर्तुळातून ऊसतोडीला जाणारी एक बाई बोलली, “आमची पोरं तशीबी उघड्यावरच हायती, गुरुजी. आम्ही फडात जातो तवा त्यांच्याकडं बघायला कुणी न्हाई. शाळेत निदान तुमी तरी बघाल.” दोघांचेही म्हणणे खरे होते. एकाच आजाराची सावली दोन घरांवर किती वेगवेगळी पडते, हे त्या दोन वाक्यांत दिसले. ज्याच्या घरात मूल सुरक्षित होते, त्याला शाळेचे भय वाटत होते. ज्याच्या घराला दारच नव्हते, त्याला शाळा हाच निवारा वाटत होता.

“काही होणार नाही, अशी हमी द्याल का?” असे कोणीतरी विचारले. मुख्याध्यापक क्षणभर थांबले. “हमी मला देता येणार नाही,” ते म्हणाले, “माझीही नात याच शाळेत आहे. काळजी घेऊ, एवढंच सांगतो.” त्या उत्तराने काही पालक नाराज झाले. आईला मात्र ते उत्तर पटले. हमी देणाऱ्यापेक्षा काळजी घेणारा माणूस तिला अधिक विश्वासाचा वाटला.

त्या रात्री सासूबाईंनीच विषय काढला. “काय लिहिलंय गं त्या कागदात?” आईने वाचून दाखवले. म्हातारी काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “माझी आजी पलेगाचं सांगायची. घरात उंदीर पडायला लागले, की गाव सोडायचं. माळावर झोपड्या घालायच्या नि तिथंच राहायचं. पण साथ गेली की माणसं परत गावात यायची. माळावर कुणी कायमची राहिली नाहीत.” आईने अडखळत विचारले, “पण आत्याबाई, तुम्हाला काही झालं तर?” “माझी खाट माडीवर टाका,” म्हातारी म्हणाली, “पोरीला म्हणावं, आठ दिवस लांबनं बोल. पण तिला जाऊ दे.”

त्या म्हातारीला ठाऊक नसेल. पण महाराष्ट्रातील शाळेचा आणि साथीचा संबंध जुनाच आहे. १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवण्यासाठी उभ्या राहिलेल्या सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांच्या सेवेत उतरल्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. रुग्णांची सेवा करतानाच त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. मुलींना अक्षर देणे आणि आजाऱ्याला हात देणे ही दोन कामे त्यांना परस्परविरुद्ध वाटली नाहीत. जीव आणि शिक्षण यांपैकी एकच निवडा, असा पेच जेव्हा समाजापुढे उभा राहतो, तेव्हा दोन्ही सांभाळण्याची वाट कष्टाची असते. पण ती असते.

चौथ्या रात्री आईने सही केली. सही करण्याची सवय नसल्याने तिने नाव सावकाश, एकेक अक्षर जुळवत लिहिले. दुसऱ्या दिवशी तिने जुन्या सुती साडीचे चार मास्क शिवले, दोन घालायला आणि दोन धुवायला. पाण्याची बाटली वेगळी केली. परत आल्यावर न्हाणीघरात जायचे, कपडे बादलीत टाकायचे आणि मगच घरात पाऊल ठेवायचे, असा नियम घातला. सासूबाईंची खाट माडीवर गेली. भीती मात्र गेली नाही. ती या सगळ्या कामांत विभागली गेली, आणि विभागल्यामुळे थोडी हलकी झाली.

पहिल्या दिवशी मुलगी घरी आली ती लांबूनच बोलत. “आई, बाई ओळखूच आल्या नाहीत. तोंड झाकलेलं. मग त्यांनी हाक मारली, तेव्हा ओळखलं.” प्रार्थना एकत्र झाली नव्हती. डबा खायचा नव्हता. खेळाचा तास नव्हता. बाकावर शेजारी कोणी नव्हते आणि मैत्रिणीच्या वडिलांनी सही न केल्यामुळे ती आलीच नव्हती. तरीही मुलीने रात्री कोणी न सांगता वही काढली. तिच्या बोटांना शाईचा डाग लागला होता. आई त्या डागाकडे पाहत राहिली.

हे सुख फार काळ टिकले नाही. फेब्रुवारीनंतर रुग्ण पुन्हा वाढू लागले आणि एप्रिल २०२१ पर्यंत शाळांची दारे परत बंद झाली. मुले परीक्षा न देताच वरच्या वर्गात गेली. दुसरी लाट पहिलीपेक्षा भयंकर होती. याच महिन्यात वडिलांना बाजारातून ताप आला आणि चार दिवसांनी सासूबाईंनाही. सासूबाईंना प्राणवायूसाठी तालुक्याच्या रुग्णालयात न्यावे लागले. वडिलांना सौम्य लक्षणे होती म्हणून त्यांची व्यवस्था गावातल्या विलगीकरण कक्षात झाली. तो कक्ष म्हणजे मुलीचीच शाळा होती.

मुलगी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी गोठ्यात आईजवळ येऊन म्हणाली, “माझ्यामुळं झालं का?” शाळा बंद होऊन तेव्हा कित्येक दिवस झाले होते. आईने तिला तारखा मोजून दाखवल्या. तरीही मुलीच्या मनातील शंका फिटायला वेळ लागला. मोठी माणसे निर्णय घेतात आणि त्याचा दोष मुले मनातल्या मनात आपल्याकडे घेतात, हे आईला त्या दिवशी कळले. कदाचित साथीच्या काळात मुलांना द्यायचे सर्वांत आवश्यक औषध हेच होते की, ‘यात तुझी चूक नाही’ असे कोणीतरी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे.

वडील दहा दिवसांनी घरी आले. बारीक झाले होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोरीच्या वर्गातच खाट होती माझी. बाक एका बाजूला रचून ठेवलेत. फळा मात्र कुणी पुसलेला नाही. शेवटच्या दिवसाची तारीख तशीच आहे. पटावर किती, हजर किती, सगळं तसंच.” पुढे थोडे थांबून ते म्हणाले, “पडल्या पडल्या दहा दिवस तेच वाचत होतो.” संमतीपत्र बायकोपुढे सरकवून मोकळा झालेला तो माणूस त्या फळ्यापुढून परत आला, तो वेगळा होऊन आला. सासूबाई तीन आठवड्यांनी परतल्या. अशक्त झाल्या होत्या, पण परतल्या. गावातली सहा माणसे परतली नाहीत.

पुढे मोठ्या माणसांचे लसीकरण वेगाने होऊ लागले. ज्या गावांत महिनाभर एकही रुग्ण नाही, तेथे आठवी ते बारावीचे वर्ग १५ जुलै २०२१ पासून सुरू करण्यास परवानगी मिळाली. या गावाला ती अट पूर्ण करता आली नाही. अखेर ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग उघडले आणि मुलगी दहावीच्या वर्गात जाऊन बसली. संध्याकाळी ती आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवसाचा आनंद नव्हता. “बाईंनी तिचं नाव पुकारलं,” ती म्हणाली. “कुणीच काही बोललं नाही. मग मागून कुणीतरी सांगितलं, तिचं लग्न झालं म्हणून.”

मे महिन्यात, पंचवीस माणसांच्या मर्यादेत, दोन तासांत ते लग्न उरकले होते. मुलीचे वय अठरा नव्हते. म्हणजे ते कायद्याविरुद्धच होते. आईला ही बातमी नवी नव्हती. हळदीचे बोलावणे तिला आले होते. घरात आजारपण होते म्हणून ती गेली नाही आणि तेवढ्यावरच तिने मनाची समजूत घातली होती. एरवी गर्दीच्या मांडवात कोणीतरी विचारले असते, शाळेतल्या बाईंना कळले असते, कोणीतरी अडवले असते. बंद दारांच्या गावात कोणाचेच कोणाकडे लक्ष नव्हते. ज्या वडिलांनी ‘पोरगी जगली तर शिकेल’ असे चिंचेखाली सांगितले होते, त्यांची पोरगी खरोखरच जगली. तिला एक दिवस तापसुद्धा आला नाही. पण तिची शाळा सुटली. ते गृहस्थ दुष्ट नव्हते. भावाच्या मृत्यूने ते हादरले होते, उत्पन्न थांबले होते, आणि वर्षभर घरी बसलेली मुलगी ही शिकणारी मुलगी आहे, हेच हळूहळू सर्वांच्या विस्मरणात गेले होते. सगळे गाव आजाराच्या वाटेवर डोळे लावून बसले होते. मूल हरवण्याची दुसरीही एक वाट आहे, हे तिकडे पाहायला कोणी मोकळे नव्हते, म्हणून लक्षात आले नाही.

त्या आठवड्यात आई त्या मैत्रिणीच्या आईकडे गेली. दोघी ओसरीवर बसल्या. आधी पावसापाण्याचे बोलणे झाले. मग आई म्हणाली, “शाळेत बाईंना विचारलं मी. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं म्हणे. पोरगी दिवाळीला आली की धाडून दे माझ्याकडं. वह्या आमच्यात आहेत.” समोरची बाई पदराने डोळे टिपत राहिली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पण परत निघताना तिने आईच्या हातावर साखर ठेवली. आईला वाटले, हे बोलायला आपण मे महिन्यातच यायला हवे होते.

१ डिसेंबर २०२१ पासून ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग सुरू झाले. धाकट्याच्या शाळेतून तसाच वीतभर कागद आला. त्याला लस मिळालेली नव्हती. त्या वयाच्या मुलांसाठी ती तेव्हा उपलब्धच नव्हती. नव्या प्रकारच्या विषाणूच्या बातम्या त्याच आठवड्यात येऊ लागल्या होत्या. तरी तो कागद देवळीत गेला नाही. वडिलांनी तो वाचला, आईकडे दिला, तिने सही केली, आणि तिच्या सहीशेजारी वडिलांनीही आपली सही केली. कागदावर एकाच सहीची जागा होती. दुसरी सही समासात गेली.

दुसरीत असताना शाळेतून निघालेला मुलगा वीस महिन्यांनी चौथीच्या वर्गात शिरला. पेन्सिल त्याने मुठीत धरली. आपल्या नावाखेरीज दुसरे काही लिहिण्यास तो धजेना. तो एकटाच असा नव्हता. २०२२ च्या ‘असर’ अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, त्यांचे प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर घसरले होते. त्याच अहवालात एक दिलासाही होता. सहा ते चौदा वयोगटातील ९८.४ टक्के मुलांची नावे शाळांच्या पटावर होती. २०१८ मध्ये हे प्रमाण ९७.२ टक्के होते. मुले विसरली होती. पण परत आली होती. परत आलेले मूल पुन्हा शिकू शकते. धाकट्याच्या बाईंनी त्याला चौथीचे पुस्तक बाजूला ठेवायला सांगितले आणि बाराखडीपासून सुरुवात केली. फाल्गुनात त्याने पिशवीवरचे नाव न अडता वाचले आणि या वेळी तो पळून गेला नाही.

जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा काही दिवस बंद झाल्या. २४ जानेवारीपासून त्या उघडण्यास परवानगी मिळाली. त्याच महिन्यात पंधरा वर्षांवरील मुलांचे लसीकरण सुरू झाले आणि मुलीने लस घेतली. मार्चमध्ये तिने दहावीची परीक्षा आपल्याच शाळेत दिली. ज्या वर्गात वडिलांची खाट होती, त्याच वर्गात तिचा क्रमांक आला होता. फळ्यावर आता नवी तारीख होती.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. कृष्णाकाठच्या त्या घरात ही बातमी कोणी फारशी ऐकली नाही. तेथे साथ संपल्याची खूण वेगळी होती. संध्याकाळी पाचच्या सुमारास आई अंगणात धान्य निवडत बसलेली असते. सासूबाईंची खाट आता पुन्हा ओसरीवर आहे. लांबून घंटेचे टोल ऐकू येतात, मग मुलांचा गलका. म्हातारी डोळे मिटल्या मिटल्याच म्हणते, “शाळा सुटली गं.” आई सूप बाजूला ठेवते आणि चहाचे आधण चढवायला उठते.